उंची, ओळखखूण आणि जोडीचा फोटो

सरकारी नोकरी संपत आली की ‘नमुना ५’ हातात पडतो. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला त्यात सरकार उंची विचारतं. अंगावरची ओळखखूण विचारतं, सहीचे नमुने मागतं आणि नवराबायकोचा एकत्र काढलेला फोटो मागतं, तीन प्रती. आमच्या पाटबंधारे विभागाच्या ऑफिसात आस्थापना शाखेच्या दाराच्या चौकटीवर कोणीतरी पेन्सिलीने सेंटिमीटरच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. पाटकऱ्यापासून शाखा अभियंत्यापर्यंत सगळे त्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. ओळखखुणेची सगळ्यांना गंमत वाटायची. “कसली खूण, बाई? पोट लिहा!” असं म्हणणारा दरवर्षी एखादा असायचाच.

फोटोची गोष्ट वेगळी. कितीतरी जोडप्यांचा लग्नानंतरचा हा पहिलाच फोटो असे. एक पाटकरी बायकोपासून हातभर लांब उभा राहिला. स्टुडिओवाला म्हणाला, जवळ सरका. तर म्हणे, “कशाला? मावतोय की दोघं.” तो फोटो मीच चिकटवला, कार्यकारी अभियंत्यांची साक्षांकनाची सही घेतली आणि त्याला सांगितलं, “हा फोटो तुमच्यासाठी नाही, आक्कांसाठी आहे.” उद्या हा गेला, तर ट्रेझरीच्या खिडकीशी येणारी बाई हीच, हे कागदावरून कळावं म्हणून तो घेतात. पेन्शनचा अर्ज एकाच्या सहीने जातो, पण त्यावर दोन माणसं जगणार असतात. नोकरदार पुरुषांना हे उशिरा उमजतं, आणि त्यांच्या बायकांना बहुधा कोणी सांगतच नाही.

मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि प्रथम लिपिक म्हणून बाहेर पडले. मधली बरीच वर्षं पेन्शनच्या केसेस माझ्याकडे होत्या, म्हणून ऑफिसात मला ‘पेन्शनवाल्या बाई’ म्हणायचे. आता मंगळवारी सकाळी आमच्या तालुक्याच्या पेन्शनर संघटनेच्या खोलीत बसते. कोणी पिशवी घेऊन येतं, मी ती टेबलावर रिकामी करते. कोऱ्या फॉर्मला पैसे लागत नाहीत आणि मीही घेत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ट्रेझरीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात हेच काम करून देणारे, त्याचे पैसे घेणारे आणि वर ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणणारे लोक आहेत.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचा सगळा कारभार महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांवर चालतो. नियम सांगतो की तयारी दोन वर्षं आधी सुरू करा आणि केस सहा महिने आधी महालेखापालांकडे पोचू द्या. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक या बाजूचं काम मुंबईच्या महालेखापालांकडे जातं, विदर्भ-मराठवाड्याचं नागपूरच्या. जिल्हा परिषदेच्या लोकांचं प्रकरण जिल्हा परिषदेच्याच वित्त विभागात होतं. नियम तसा सरळ आहे. माणूस अडतो तो सेवापुस्तकात.

सेवापुस्तक ही जाड पुठ्ठ्याची वही असते. पहिल्या पानावर जन्मतारीख, आकड्यांत आणि अक्षरांत. पुढे नेमणूक, कायम केल्याचा आदेश, वेतनवाढी, रजा, बदल्या, प्रत्येक वेतन आयोगाची वेतननिश्चिती. आणि दर वर्षाखाली एक ओळ: वेतनपटावरून सेवा पडताळली. खाली सही. ही ओळ लिहायला फारसा वेळ लागत नाही, पण ती नसली तर ते वर्ष सेवेत धरायचं कशाच्या आधारावर, असा प्रश्न पडतो. आमच्या खात्यात ही फार मोठी डोकेदुखी होती. धरण पूर्ण झालं की त्याचा विभाग बंद होतो, दप्तर दुसऱ्या विभागात विलीन होतं. दुसऱ्या विभागाला स्वतःचंच दप्तर ठेवायला जागा नसते, म्हणून ती गाठोडी गोदामात जातात आणि तिथे वाळवी असते. एका टंकलेखकाची दोन वर्षांची पडताळणी राहिली होती. ते ऑफिस केव्हाच बंद झालेलं. शेवटी एका जुन्या रोखपालाने सांगितल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांखालून वेतनपट निघाले. ते झटकताना झुरळं माझ्या पदरावर चढली होती.

म्हणून नोकरीत असणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं. वर्षातून एकदा स्वतःचं सेवापुस्तक मागून बघा. तो तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. नावाचं स्पेलिंग बघा, आडनाव बघा, बदलीच्या वेळी हजर होईपर्यंतचे दिवस कशात टाकलेत ते बघा. विनावेतन रजा कुठे आहे आणि ती वैद्यकीय दाखल्यावर होती का, हे नीट लिहिलंय की नाही ते बघा. निवृत्तीला तीन महिने राहिल्यावर पाहून उपयोग नाही, कारण तोवर नोंद करणारा साहेब स्वतःच निवृत्त झालेला असतो.

सेवापुस्तक जुळलं की ते वेतन पडताळणी पथकाकडे जातं. पथक प्रत्येक वेतननिश्चिती तपासतं. पथकाचा शिक्का बसला की केस निम्मी झाली, असं आम्ही म्हणायचो. शिक्का बसला नाही, तर कुठल्या तरी वर्षी एक वेतनवाढ जास्त दिली गेलेली असते आणि पंधरा-वीस वर्षांची वसुली निघते. ग्रॅच्युइटी गावाकडचं घर बांधायला ठेवलेली, आणि तीच कापायची. माणूस पांढराफटक पडतो. इथे एक गोष्ट ठाऊक असू द्या. पंजाब सरकारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून आणि वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी चुकून जास्त दिलेली रक्कम वसूल करता येत नाही. पाच वर्षांहून जास्त काळ ती दिली गेली असेल, तरीही नाही. पुढचं वेतन दुरुस्त होईल, पेन्शन दुरुस्त वेतनावर निघेल, पण मागचं मागे. एक अपवाद मात्र पुढच्या निकालांनी सांगितला आहे: वेतननिश्चितीच्या वेळी ‘जास्त दिलं गेल्यास परत करीन’ असं हमीपत्र तुम्ही दिलं असेल, तर बचाव लंगडा पडतो. अशी हमीपत्रं आपण बिनवाचता सह्या करून देतो. घाईत असलेला लिपिक ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणतो, आणि आपण करतो.

पुढचं भराभर सांगते. सरकारी घर सोडल्याचा, अग्रिमं फिटल्याचा, ताब्यातलं सामान परत केल्याचा ना-देय दाखला लागतो. विभागीय चौकशी चालू असेल तर तात्पुरती पेन्शन मिळते, ग्रॅच्युइटी थांबते. सगळं नीट असेल तर महालेखापालांकडून तीन आदेश येतात: पेन्शनचा पीपीओ, ग्रॅच्युइटीचा जीपीओ आणि कम्युटेशनचा सीपीओ. मग ट्रेझरी ओळख पटवायला बोलावते (मुंबईत हे काम अधिदान व लेखा कार्यालयात चालतं). पॅन, आधार, बँकेचं पासबुक आणि तो जोडीचा फोटो घेऊन जायचं. भविष्य निर्वाह निधी, गट विमा आणि जास्तीत जास्त ३०० दिवसांच्या अर्जित रजेचा पगार हे सगळं वेगवेगळ्या वाटांनी येतं. एक मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं समजू नका.

आता आमच्या खात्यातल्या एका वेगळ्या जमातीबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांत मजूर रोजंदारीवर लागायचे. मस्टरवर अंगठा, महिन्याला पगार, मध्ये चार दिवस खंड. १९६७ च्या कालेलकर निवाड्याने सलग पाच वर्षं काम केलेल्या अशा मजुरांना ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापने’वर घेण्याची वाट काढली. हे नाव ऑफिसात कोणी पूर्ण उच्चारत नसे, सगळे ‘सीआरटी’ म्हणत. या माणसांची गोम अशी की, नियमित आस्थापनेवर येण्याआधीची त्यांची सलग रोजंदारीची सेवा निम्मी पेन्शनसाठी धरता येते, असं नियमात आहे. पण ती आपोआप धरली जात नाही. मस्टरवरून सिद्ध करावी लागते. धरणाच्या पायथ्याशी दगड फोडून आयुष्य काढलेल्या माणसाला ही ओळ कोण वाचून दाखवणार? एका चौकीदाराची पेन्शन आधी दहा वर्षांची किमान सेवाच भरत नाही म्हणून नाकारली जात होती. जुनी मस्टरं काढून आठ वर्षांची रोजंदारी सिद्ध झाली, त्यातली चार वर्षं जमेस धरली गेली, तेव्हा कुठे तो उंबरठा ओलांडून आत आला. त्याला अर्थातच यातलं काही समजलं नाही. त्याने विचारलं, “म्हणजे निम्मं काम मी केलंच नाही का?” मला उत्तर सुचलं नाही.

पैशांचं गणित एकदा उदाहरणानेच बघू. समजा, शेवटचं मूळ वेतन ४०,००० रुपये. पूर्ण सेवा असेल तर पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे २०,०००, अधिक महागाई वाढ. ग्रॅच्युइटी दर सहा महिन्यांच्या सेवेला वेतनाचा पाव हिस्सा, फार तर साडेसोळा पट. तिची कमाल मर्यादा राज्यात १४ लाख होती, १ सप्टेंबर २०२४ पासून ती २० लाख झाली.

मग कम्युटेशन. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. २०,००० पैकी ८,००० विकले, तर वर्षाचे ९६,००० गुणिले ८.३७१, म्हणजे ८ लाख ३ हजार ६१६ रुपये हातात. बदल्यात पंधरा वर्षं दरमहा ८,००० कमी. पंधरा वर्षांत मिळून १४ लाख ४० हजार जातात. “बाई, घ्यावं का?” हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला गेला. डोक्यावर महागडं कर्ज असेल, घर अर्धवट असेल, तब्येत नाजूक असेल तर घ्यावं. कारण पेन्शनर मध्येच गेला तर उरलेली वजावट विधवेकडून होत नाही, आणि तिची पेन्शन शेवटच्या वेतनावर निघते, कम्युटेशनचा तिच्यावर परिणाम नाही. पण भाच्याला ट्रॅक्टर घेऊन द्यायला किंवा गावात मोठेपणा मिरवायला घेणार असाल, तर घेऊ नका. महागाई वाढ पूर्ण २०,००० वर मिळते, उरलेल्या १२,००० वर नाही, हेही पासबुकात बघा. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज दिला तर डॉक्टरांपुढे जावं लागत नाही. आणि पंधरा वर्षं भरायची तारीख कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा. कापलेला भाग त्या महिन्यापासून परत सुरू व्हायला हवा. नाही झाला, तर अर्ज करायला तुम्ही त्र्याहत्तर वर्षांचे असाल, आणि तारीख आठवत नसेल.

कुटुंब निवृत्तिवेतनाबद्दल जरा विस्ताराने सांगते, कारण मंगळवारच्या पिशव्यांतल्या बहुतेक पिशव्या विधवांच्या असतात.

पेन्शनर ज्या दिवशी जातो, त्या दिवसापर्यंतची पेन्शन त्याची. दुसऱ्या दिवसापासून पत्नीचं (किंवा पतीचं) कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं. पीपीओवर तिचं नाव असेल तर काम अवघड नाही: ट्रेझरीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, मूळ पीपीओ, तिचं पासबुक, फोटो. अवघड होतं ते दुःखात केलेल्या एका गोष्टीमुळे. नवऱ्याच्या खात्यात त्यानंतरच्या महिन्याची पेन्शन पडते, मुलगा एटीएम घेऊन जातो आणि दिवसकार्याला ते पैसे काढतो. त्यात वाईट हेतू नसतो. पण ते पैसे सरकारचे असतात, ट्रेझरी ते परत मागते आणि हिशेब जुळेपर्यंत आईची पेन्शन अडकते. म्हणून दहाव्याच्या आत एकाने बँकेत आणि ट्रेझरीत लेखी कळवायचं. मृत्यूचा दाखला मागून दिला तरी चालतो.

दराचं असं: सर्वसाधारण दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. सुरुवातीची ठरावीक वर्षं तो वाढीव, म्हणजे ५० टक्के. वरच्या उदाहरणातल्या बाईंना आधी २०,००० आणि मग १२,०००. हा बदल कोणत्या तारखेला होणार, ते पीपीओवर छापलेलं असतं. छापलेलं असूनही बाया घाबऱ्याघुबऱ्या येतात, “पेन्शन कापली हो!” त्यांच्या हातात नवऱ्याचा पीपीओ कधी आलेलाच नसतो. लोखंडी कपाटात वरच्या खणात, पुरुषमाणसाच्या किल्लीखाली.

मग नावाचा घोळ. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहायची रीत. माहेरची शकुंतला सासरची सुमन झाली. नवऱ्याने सेवापुस्तकात सुमन लिहिलं. आधार काढताना ऑपरेटरने शाळेचा दाखला मागितला, त्यावर शकुंतला. बँकेत ‘सुमनबाई’. तीन बायका झाल्या, आणि पेन्शन एकीचीच. प्रतिज्ञापत्राने काही ठिकाणी भागतं, नाहीतर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. साठी-सत्तरीतल्या बाईने स्वतःचं नाव बदलल्याची जाहिरात द्यायची, हे तिला पटत नाही. “मी कुठे बदललंय? त्यांनी बदललं.” बरोबर आहे. पण हा घोळ नवरा हयात असताना त्याच्या साध्या अर्जावर सुटतो. तो गेल्यावर सोडवायचा म्हणजे महिने जातात.

तिची जन्मतारीखही बघा. जुन्या पीपीओंवर पत्नीच्या जन्मतारखेची जागा कोरी असते. ऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर पेन्शनमध्ये वयानुसार वाढ मिळते, कुटुंब निवृत्तिवेतनातही. तारीखच नसेल तर बाई ऐंशीची झाली हे संगणकाला कळणार कसं? घरात दिव्यांग मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्या अपत्याला आईवडलांनंतर आयुष्यभर पेन्शन मिळू शकते. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला काढून ते नाव दोघं जिवंत असतानाच नोंदवून घ्या. नंतर काका आणि मामा यांच्यात पालक कोण यावरून जे सुरू होतं, ते मी पाहिलं आहे.

दोन बायकांचं प्रकरण हा खेड्यातला नाजूक विषय, पण टाळून चालणार नाही. नामनिर्देशनात एकीचं नाव, फोटोत दुसरी, असं निघतं. लोकांना वाटतं, नाव लावलं म्हणजे झालं. ते भविष्य निर्वाह निधीच्या पैशापुरतंही वादात सापडतं, आणि कुटुंब निवृत्तिवेतनाला तर नामनिर्देशन किंवा मृत्युपत्र लागूच नाही. ती मयताची मालमत्ता नव्हे, कायद्याने ठरवलेल्या कुटुंबाचा हक्क आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. पहिली पत्नी हयात आणि लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न त्यात बेकायदा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की अशा दुसऱ्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. तिच्या मुलांचा हक्क मात्र शाबूत राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. वीस-पंचवीस वर्षं संसार केलेली बाई माझ्यासमोर रिकाम्या हाताने उठते आणि कधी न नांदलेलीला पेन्शन लागते, तेव्हा कायदा बरोबर असला तरी माझा चहा गार होतो. मुलं लहान असतील तर निदान त्यांचे अर्ज तरी लगेच भरून घेते.

सरकारी नोकरीत नसलेलेही संघटनेत डोकावतात. एसटीचे कंडक्टर, सहकारी साखर कारखान्याचे कामगार. त्यांचं खातं वेगळं: भविष्य निर्वाह निधी संघटनेची १९९५ ची पेन्शन योजना, १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू. दहा वर्षांची सेवा, वय अठ्ठावन्न आणि फॉर्म १०-डी. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०, एवढं सोपं गणित. पगाराची मर्यादा १५,००० असल्यामुळे उत्तर मात्र छोटं येतं. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये, आणि तिला महागाई वाढ नाही. विधवेला सर्वसाधारणपणे निम्मी. तिथेही १०-डी वर जोडीचा फोटो लागतोच. कारखान्याने पत्नीचं नाव ऑनलाइन नोंदवलंय का, ते नोकरीत असतानाच पोर्टलवर बघून घ्यावं. हजार रुपयांसाठी एवढी धावपळ का, असं विचारणाऱ्यांनी गोळ्यांच्या दुकानात एकदा उभं राहावं.

आणि १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे राज्य सरकारात लागलेली मुलं. त्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत जो संप झाला, तो त्यांचाच. संप मिटल्यावर, ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एक गोष्ट पदरात पडली: नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय. पर्याय म्हणजे तो लेखी द्यावा लागतो. तिशीतली पोरं मरणाचा फॉर्म भरायला तयार होत नाहीत. त्यांच्या आयांना मी भरायला लावायला सांगते.

नोव्हेंबर आला की आमच्या खोलीत गर्दी. ट्रेझरी बँकेत याद्या पाठवते, आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा केला की वर्षभराची हयात सिद्ध. २०१४ पासून जीवन प्रमाण आहे, घरबसल्या होतं म्हणतात. पण ज्यांनी आयुष्यभर माती-सिमेंट हाताळलं, त्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला दिसतच नाहीत. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आल्यापासून जरा बरं झालंय. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बँकेने माणूस घरी पाठवायला हवा. बँक टाळाटाळ करायला लागली की मी शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देते, तोंडी सांगत नाही.

सतरा डिसेंबरला पेन्शनर दिन असतो. उपमा, चहा आणि एकदोन भाषणं. १९८२ साली त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात नाकारा खटल्याचा निकाल लागला. पेन्शन ही सरकारची कृपा नव्हे, केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे, असं पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं. पीठावर सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड होते, पुण्यात जन्मलेले, याचा आमच्या अध्यक्षांना दरवर्षी नव्याने अभिमान वाटतो. भाषण संपल्यावर तीच माणसं ट्रेझरीच्या खिडकीशी दोन्ही हात जोडून उभी राहतात, याचा मला राग येतो. हात जोडू नका, अर्जाची पोच मागा. तारखेचा शिक्का नीट उमटलाय का ते बघा.

पोचीचा एक उपयोग फारच थोड्यांना माहीत आहे. पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी ऑफिसच्या दिरंगाईने रखडली, तर तिच्यावर व्याज देण्याची तरतूद त्याच १९८२ च्या नियमांत आहे, १२९-अ आणि १२९-ब. केस कुणाकडे किती दिवस पडून होती, हे तारखांनीच सिद्ध होतं. एका निवृत्त वाहनचालकाची ग्रॅच्युइटी वर्षभर उशिरा आली. वसुली नव्हती, चौकशी नव्हती, केस नुसती पडून होती. व्याज मागायला तो तयार नव्हता, कारण त्याचा मुलगा त्याच खात्यात आहे. “पोराला त्रास देतील, बाई.” त्याच्या बायकोने ऐकलं आणि म्हणाली, “द्या इकडे, कुठे सही करायची ते सांगा त्यांना.” त्याने सही केली. अर्ज सध्या अभिप्रायासाठी विभागीय कार्यालयात आहे. कोणाच्या टेबलावर आहे, तेही मला ठाऊक आहे. त्या टेबलामागच्या खुर्चीत आधी मीच बसायचे, आणि उजवीकडचा खण जरा वर उचलून ओढल्याशिवाय उघडत नाही, हे मी नव्या लिपिकाला फोन करून सांगितलं आहे.